रक्तातील पेशीबाह्य पुटिकांचा आजारातील सहभाग कसा तपासावा

रुग्णाच्या रक्तातून पुटिका, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले सूक्ष्म कण, वेगळ्या करून त्या निरोगी माणसाच्या पुटिकांहून निराळ्या आहेत असे दाखवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. मात्र दिसलेला फरक खरोखर पुटिकांचाच आहे, तो सुई टोचताना चेतलेल्या बिंबिकांचा (प्लेटलेटचा), सकाळच्या न्याहारीतून रक्तात उतरलेल्या मेदाचा किंवा नमुना टेबलावर पडून राहिला त्या तीन तासांचा नाही, हे सिद्ध करणे आजही कठीण आहे. एखाद्या आजारात पुटिकांचा सहभाग प्रथमच तपासू पाहणारे पदव्युत्तर विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यात रक्तद्रवाला (प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातील द्रव) अधिक जागा दिली आहे, कारण बहुतेकांचे काम तेथूनच सुरू होते आणि बहुतेक चुकाही तेथेच होतात.

पुटिका म्हणजे काय आणि त्यांना काय म्हणावे

पेशी स्वतःच्या पटलाने वेढलेले सूक्ष्म कण बाहेर सोडतात. त्या सर्वांना मिळून पेशीबाह्य पुटिका म्हणतात. या कणांना केंद्रक नसते आणि ते स्वतःची संख्या वाढवू शकत नाहीत, पण ज्या पेशीतून ते आले तिची प्रथिने, मेद आणि आरएनए त्यांच्यात असतात. पेशीच्या आत एका कोषात तयार झालेल्या आणि तो कोष पेशीपटलाला मिळून बाहेर रिता झाला की सुटणाऱ्या पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. त्यांचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. पेशीपटलच बाहेरच्या बाजूला फुगून तुटले की एक्टोसोम तयार होतात आणि त्यांचा व्यास सुमारे १०० ते १००० नॅनोमीटर असतो. मरणाऱ्या पेशींपासून सुटणारे अपोप्टोटिक पिंड याहून मोठे, १ ते ५ मायक्रोमीटरचे असतात. हे आकार एकमेकांत शिरलेले आहेत. १२० नॅनोमीटरची पुटिका समोर आली, तर ती पेशीच्या आतून आली की पटलावरून तुटली, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही. त्यामुळे उगम प्रत्यक्ष दाखवलेला नसेल तोवर आपल्या वहीत आणि निबंधात ‘एक्झोसोम’ न लिहिता ‘पेशीबाह्य पुटिका’ असेच लिहावे, आणि गरज असेल तेथे ‘२०० नॅनोमीटरपेक्षा लहान’ असे वर्णन जोडावे. पेशीबाह्य पुटिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ या वर्षांच्या नावाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख असाच आहे. काम सुरू करण्यापूर्वी त्यांतील शेवटची आवृत्ती पूर्ण वाचावी.

या शास्त्राचा इतिहास थोडा ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण ‘कचरा’ म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीतच आजाराचे कारण कसे दडलेले असते हे त्यातून कळते. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना आढळले, की बिंबिका काढून टाकलेला रक्तद्रव सेंट्रिफ्यूजमध्ये ३१,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३१,००० पट) इतक्या बलाने फिरवला तर तो गोठण्यास अधिक वेळ लागतो; म्हणजेच रक्त गोठवणारे काहीतरी तळाशी जाऊन बसत होते. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी त्याच पदार्थाला बिंबिकांची धूळ म्हटले. १९८३ मध्ये सेंट लुईस आणि मॉन्ट्रियल येथील दोन गटांनी, परिपक्व होत जाणारी लाल रक्तपेशी आपले ट्रान्सफेरिन ग्राही (लोह आत घेणारी पटलातील प्रथिने) पुटिकांतून बाहेर टाकते, हे दाखवले. त्यांपैकी मॉन्ट्रियलच्या गटातील रोझ जॉन्स्टन यांनी १९८७ मध्ये त्या पुटिकांसाठी एक्झोसोम हे नाव वापरले. तेव्हाही त्याकडे पेशीची साफसफाई म्हणूनच पाहिले गेले. १९९६ मध्ये बी लसिकापेशी या प्रतिकारपेशींच्या पुटिका टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशींना चेतवू शकतात असे दिसले, २००७ मध्ये गोथेनबर्ग येथील गटाने पुटिकांमधून एका पेशीचा आरएनए दुसऱ्या पेशीत पोहोचतो आणि तेथे कामही करतो असे दाखवले, आणि त्यानंतर या क्षेत्राकडे संशोधकांचा ओघ लागला.

आधी प्रश्न पक्का करावा

‘या आजारात पुटिकांची भूमिका काय’ हा प्रश्न प्रयोगासाठी फार सैल आहे. पुटिका आजाराची खूण आहे का, आजार पुढे नेणारे वाहन आहे का, आणि ती औषध म्हणून उपयोगी पडेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो.

पुटिका खूण म्हणून उपयोगी पडण्यासाठी तिने आजार घडवलेला असण्याची गरज नसते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी अमेरिकेत वापरली जाणारी एक लघवीची चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. लघवीतील पुटिकांमधून पीसीए३ आणि ईआरजी या दोन जनुकांचा आरएनए मोजतात, एसपीडीईएफ या तिसऱ्या जनुकाशी त्याची तुलना करतात, आणि पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन रक्तात मिलीलिटरला २ ते १० नॅनोग्रॅम या संभ्रमाच्या पट्ट्यात असलेल्या पन्नाशीपुढील पुरुषाला बायोप्सीची गरज आहे का, हे ठरवण्यास त्या आकड्याची मदत होते. पुटिका कर्करोग पसरवतात की नाही, याचे उत्तर या चाचणीला द्यावे लागत नाही.

वाहनाचा प्रश्न अधिक कठीण आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथील डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवर केलेले काम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींच्या पुटिका यकृतातील कुप्फर पेशींमध्ये (तेथील भक्षक प्रतिकारपेशींमध्ये) शिरतात, त्यांतील एमआयएफ हे प्रथिन तेथे तंतुमय जाळे वाढवण्यास कारण ठरते, आणि नंतर येणाऱ्या कर्करोगपेशींना बसण्यासाठी जागा तयार होते, असे त्यांनी टप्प्याटप्प्याने दाखवले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात पुटिकांवरील इंटेग्रिन प्रथिनांवरून त्या फुफ्फुसाकडे जातील की यकृताकडे, हे ठरत असल्याचे त्यांनी मांडले. या कामाचे बळ साखळीतील प्रत्येक दुवा वेगळा तोडून पाहण्यात आहे. एमआयएफ काढले की परिणाम कमी होतो, हे दाखवले नसते तर तो निबंध केवळ सहअस्तित्वाची नोंद ठरला असता.

पुटिका कमी पडल्या तर काय होते, याचे उत्तर निसर्गानेच दिले आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. स्कॉट सिंड्रोम या अतिशय विरळ आनुवंशिक विकारात चेतलेल्या बिंबिकांना फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद पटलाच्या बाहेरच्या बाजूस आणता येत नाही, त्या पुरेशा पुटिकाही सोडत नाहीत, आणि रुग्णाला रक्तस्रावाचा त्रास होतो. २०१० मध्ये यामागे टीएमईएम१६एफ या प्रथिनातील दोष असल्याचे समजले. मेद बाहेर न येणे आणि पुटिका न सुटणे या दोन गोष्टी येथे एकत्रच घडतात, त्यामुळे रक्तस्रावात कोणाचा वाटा किती हे वेगळे करणे सोपे नाही. तरी १९४६ मध्ये तळाशी बसलेला तो पदार्थ रक्त गोठण्यासाठी किती मोलाचा आहे, हे या रुग्णांवरून लक्षात येते.

संमती आणि नियोजन

मानवी नमुना घेण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीची लेखी मंजुरी आणि दात्याची समजून दिलेली संमती आवश्यक आहे. भारतात यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना लागू होतात. महाराष्ट्रातील दात्यासाठी संमतिपत्र मराठीत असावे आणि त्यात उरलेला नमुना किती वर्षे ठेवला जाईल, तो दुसऱ्या आजाराच्या अभ्यासासाठी वापरला जाईल का, हे साध्या वाक्यांत लिहावे. पुटिकांमध्ये डीएनए आणि आरएनए असल्यामुळे जनुकीय माहिती निघू शकते, हेही सांगावे. नीतिसमितीपुढे जाण्याआधीच रुग्णांचे आणि निरोगी दात्यांचे नमुने एकाच खोलीत, एकाच वेळी आणि एकाच हाताने घेतले जातील अशी व्यवस्था ठरवावी. मंजुरीनंतर ती बसवणे अवघड जाते.

रक्त घेणे

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. माझ्या पहिल्याच अभ्यासात रुग्णांचे नमुने रुग्णालयातून दुपारी गाडीने येत असत आणि निरोगी दात्यांचे नमुने प्रयोगशाळेतच घेऊन लगेच फिरवले जात. रुग्णांच्या रक्तात बिंबिकांच्या पुटिका कितीतरी अधिक दिसल्या आणि आम्हाला मोठा आनंद झाला. पुढे एका निरोगी दात्याचा नमुना आम्ही जाणूनबुजून तीन तास तसाच ठेवून पाहिला, तेव्हा त्यातही तेवढ्याच पुटिका निघाल्या. एक वर्षाचे काम बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून नमुना घेतल्याची वेळ आणि तो फिरवल्याची वेळ प्रत्येक नळीवर लिहिण्याचा नियम मी कधी मोडलेला नाही.

दाता रात्रभर उपाशी असावा. जेवणानंतर रक्तात कायलोमायक्रॉन नावाचे मेदाचे कण येतात, त्यांचे आकार पुटिकांच्या आकारात मिसळतात आणि मोजणी बिघडते. सुई २१ गेज किंवा त्याहून जाड वापरावी. बारीक सुईतून रक्त जोराने ओढले तर लाल पेशी फुटतात आणि बिंबिका चेततात. दंडावरची पट्टी हलकी बांधावी आणि शीर मिळताच सोडावी. पहिले २ ते ३ मिलीलिटर रक्त वेगळ्या नळीत घेऊन ते पुटिकांसाठी वापरू नये, कारण शिरेच्या भिंतीला झालेल्या इजेचा परिणाम त्यात उतरतो.

नळी ३.२ टक्के सायट्रेट या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची घ्यावी. त्याच कामाचे हेपारिन टाळावे, कारण पुढे पीसीआर (आरएनए किंवा डीएनए वाढवून मोजण्याची चाचणी) करायचा असल्यास ते अडथळा आणते. इडीटीए हे तिसरे औषध काही आरएनए अभ्यासांत चालते, पण एका अभ्यासात दोन प्रकारच्या नळ्या कधीही मिसळू नयेत. रक्तद्रवाऐवजी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घेण्याचा मोह होतो, कारण रुग्णालयाच्या शीतकपाटात जुने सीरम तयार असते. परंतु रक्त नळीत गोठत असताना बिंबिका मोठ्या प्रमाणात पुटिका सोडतात. त्या रुग्णाच्या शरीरात नव्हत्या, आपल्या नळीत जन्मल्या. ज्या प्रश्नात बिंबिकांचा संबंध येऊ शकतो, त्यासाठी सीरम वापरू नये.

नळी हळूच उलटसुलट करून औषध मिसळावे, ती हलवू नये आणि उभी ठेवावी. येथे नवशिके एक चूक चांगल्या हेतूने करतात. नमुना खराब होऊ नये म्हणून ते रक्ताची नळी बर्फात ठेवतात. थंडीने बिंबिका चेततात, म्हणून पेशी वेगळ्या होईपर्यंत रक्त खोलीच्या तापमानालाच असावे. मे महिन्यात विदर्भातील गाडीच्या डिकीत खोलीचे तापमान नसते, हेही ध्यानात ठेवावे. लांबून नमुना आणायचा असेल तर २० ते २४ अंश राखणारी पेटी वापरावी, आणि शक्य तर सेंट्रिफ्यूजच रुग्णाच्या जवळ न्यावा.

रक्त घेतल्यापासून एका तासाच्या आत पहिले अपकेंद्रण सुरू व्हावे. २,५०० जी बलाने १५ मिनिटे, खोलीच्या तापमानाला, ब्रेक न लावता फिरवावे. वरचा रक्तद्रव पिपेटने घेताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर सुमारे १ सेंटिमीटर द्रव सोडून द्यावा. हा सोडलेला द्रव वाया गेला असे वाटते, पण बिंबिका त्यातच असतात. गोळा केलेला रक्तद्रव नव्या नळीत घालून पुन्हा तेवढ्याच बलाने १५ मिनिटे फिरवावा आणि तळाचा थोडा भाग पुन्हा सोडावा. त्यानंतर पेशीमापकावर बिंबिका मोजून त्या जवळजवळ शून्य असल्याची खात्री करावी. ही दुसरी फेरी गाळलेला रक्तद्रव गोठवला तर उरलेल्या बिंबिका वितळताना फुटतात, त्यांचे तुकडे पुटिकांसारखेच दिसतात आणि नंतर ते कोणत्याही उपायाने वेगळे करता येत नाहीत.

लाल पेशी फुटल्या आहेत का, हे डोळ्यांनी न ठरवता ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीवर हिमोग्लोबिनचे शोषण मोजून ठरवावे, आणि कोणत्या आकड्यापुढचा नमुना वगळायचा हे अभ्यासाआधीच लिहून ठेवावे. मग रक्तद्रव अर्ध्या किंवा १ मिलीलिटरच्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावा. एक भाग एकदाच वितळवायचा आणि तो ३७ अंशांवर झटकन वितळवायचा. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी शीतकपाटाच्या तापमानाची नोंद आपोआप होत राहील अशी सोय असावी, नाही तर एखादा नमुना किती वेळा वितळून गोठला हे कोणालाच कळत नाही.

वेगळे करणे

बल नेहमी जी या एककात लिहावे, मिनिटाच्या फेऱ्यांत नाही. फेऱ्यांवरून बल काढण्यासाठी ०.००००१११८ या संख्येला रोटरच्या (नळ्या धरून फिरणाऱ्या भागाच्या) सेंटिमीटरमधील त्रिज्येने आणि फेऱ्यांच्या वर्गाने गुणावे. दोन प्रयोगशाळांचे रोटर वेगळे असले, तर फेऱ्या सारख्या ठेवूनही निकाल वेगळे येतात.

पेशीसंवर्धनाच्या द्रवासाठी प्रचलित पद्धत अशी आहे, की ३०० जीला पेशी, २,००० जीला मृत पेशींचे अवशेष आणि १०,००० जीला मोठ्या पुटिका खाली बसवाव्यात, आणि शेवटी १,००,००० जीला सुमारे ७० मिनिटे फिरवून लहान पुटिका मिळवाव्यात. हीच पद्धत रक्तद्रवाला जशीच्या तशी लावणे योग्य नाही. रक्तद्रवात प्रथिने दाट असतात, आणि पुटिकांपेक्षा कित्येक पटींनी अधिक लिपोप्रोटीन कण, म्हणजे मेद वाहून नेणारे कण, असतात.

लिपोप्रोटीनांची अडचण नीट समजून घेतली तर पद्धत निवडणे सोपे होते. लहान पुटिकांची घनता मिलीलिटरला साधारण १.१३ ते १.१९ ग्रॅम असते. एचडीएल या लिपोप्रोटीनाची घनता १.०६३ ते १.२१ असल्यामुळे घनतेनुसार वेगळे केले तर ते पुटिकांबरोबर येते, पण त्याचा आकार पुटिकांपेक्षा खूप लहान असतो. कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल यांचे नेमके उलट आहे. त्यांतील अनेक कणांचा आकार पुटिकांएवढा असतो, पण घनता १.००६ पेक्षा कमी असते. म्हणजे आकारानुसार गाळणारा स्तंभ एचडीएल आणि अल्ब्युमिन (रक्तद्रवातील मुख्य प्रथिन) काढतो व व्हीएलडीएल मागे ठेवतो, तर घनतेचा थर व्हीएलडीएल काढतो व एचडीएल मागे ठेवतो. शुद्धता हवी असेल तर दोन्ही एकापाठोपाठ वापरावेत. त्यात नमुना घटतो, आणि आपल्याला नेमके काय अधिक हवे, शुद्धता की प्रमाण, हे प्रश्नावरून ठरवावे. पुटिकांचा पेशींवरील परिणाम पाहायचा असेल तेव्हा शुद्धतेशी तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्तंभ वापरताना सेफॅरोज सीएल-२बी हे सच्छिद्र मणी भरलेला १० मिलीलिटरचा स्तंभ आणि अर्धा मिलीलिटर रक्तद्रव ही चांगली सुरुवात आहे. अर्धा मिलीलिटरचे अंश गोळा करून प्रत्येकातील कण आणि प्रथिन मोजावे. पुटिका आधी उतरतात आणि प्रथिने मागाहून. कोणते अंश घ्यायचे हे दुसऱ्याच्या निबंधावरून न ठरवता आपल्या स्तंभावर स्वतः पाहून ठरवावे. केवळ एक द्रव मिसळून पुटिका खाली बसवणारे तयार संच झटपट असतात, पण ते इतर प्रथिनेही सोबत खाली आणतात. आरएनएच्या प्राथमिक चाचपणीपुरतेच त्यांचे स्थान आहे.

वेगळ्या केलेल्या पुटिका साध्या फॉस्फेट द्रावात गोठवल्या तर बऱ्याच नळीच्या भिंतीला चिकटून नाहीशा होतात. त्या द्रावात मानवी अल्ब्युमिन आणि ट्रेहॅलोज मिसळल्यास नुकसान कमी होते. नळ्या प्रथिने न चिकटणाऱ्या घ्याव्यात.

हाती आलेले काय आहे

सीडी९, सीडी६३ आणि सीडी८१ यांसारखी पटलातील प्रथिने, आणि टीएसजी१०१ किंवा अ‍ॅलिक्स यांसारखी आतली प्रथिने सापडली म्हणजे पुटिका आहेत हे कळते. ती एकटी पुरेशी नाहीत. सोबत काय नको ते आले आहे, हे पाहण्यासाठी रक्तद्रवाच्या नमुन्यात अपोलिपोप्रोटीन बी, अपोलिपोप्रोटीन ए१ आणि अल्ब्युमिन शोधावे, आणि ती सापडली तर लपवू नयेत. पूर्ण शुद्ध तयारी रक्तद्रवातून क्वचितच मिळते; काही प्रथिने तर पुटिकेच्या पृष्ठभागावर खरोखरच चिकटलेली असतात.

कणांच्या हालचालीवरून आकार मोजणारे उपकरण सर्वत्र वापरले जाते, पण त्याला पुटिका आणि लिपोप्रोटीन यांतला फरक कळत नाही आणि सुमारे ६० ते ७० नॅनोमीटरखालचे कण त्यातून सुटतात. त्याचा आकडा ‘कणांची संख्या’ म्हणूनच लिहावा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुकवलेल्या पुटिका वाटीसारख्या दिसतात. तो आकार सुकवण्यामुळे येतो, गोठवून पाहिलेल्या पुटिका गोलच असतात. फ्लो सायटोमीटर (प्रवाहातील कण एकेक करून प्रकाशाने मोजणारे उपकरण) वापरत असल्यास केवळ प्रतिपिंड असलेली नळी, नमुना क्रमाने विरळ करत नेलेल्या नळ्या आणि ०.१ टक्के ट्रायटन हे साबणासारखे रसायन घातलेली नळी, या तिन्ही तुलना केल्याच पाहिजेत. ट्रायटनने पुटिकेचे पटल विरघळते. त्यानंतरही जो संकेत तसाच राहतो तो पुटिकेचा नव्हे.

ती कोणत्या पेशीची आहे, हे सांगताना

रक्तातील बहुतांश पुटिका रक्तपेशी आणि बिंबिका यांच्या असतात. मेंदूची किंवा कर्करोगाच्या गाठीची पुटिका त्यांत अत्यल्प असते आणि तिला एखाद्या प्रथिनाच्या साहाय्याने पकडून वेगळे करण्याची कल्पना आकर्षक आहे. चेतापेशींच्या पुटिका पकडण्यासाठी एल१सीएएम हे प्रथिन अनेक वर्षे वापरले गेले, आणि अल्झायमर व पार्किन्सन यांवरील कितीतरी निबंध त्याच्यावर उभे राहिले. २०२१ मध्ये बोस्टन येथील डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने रक्तद्रव आणि मेंदूभोवतीचा द्रव स्तंभावर घालून पाहिले, तेव्हा एल१सीएएम पुटिकांच्या अंशांत न येता अल्ब्युमिनबरोबर, मोकळ्या प्रथिनांच्या अंशांत उतरले. म्हणजे पकडले जात होते ते मोकळे प्रथिन. हा प्रयोग साधा होता, कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला तो करता आला असता. आपण निवडलेली खूण स्तंभावर सीडी९ बरोबर उतरते की अल्ब्युमिनबरोबर, हे पाहिल्याशिवाय पुटिकेच्या उगमाबद्दल एक वाक्यही लिहू नये.

उगमाची खात्री जनुकीय बदलावरून अधिक भक्कमपणे होते. २००८ मध्ये ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांपैकी ७ जणांच्या सीरममधील पुटिकांमध्ये ईजीएफआर-व्हीथ्री हा गाठीतच आढळणारा बदललेला आरएनए मिळाला. असा बदल निरोगी पेशीत नसतो, त्यामुळे ती पुटिका गाठीची होती, याविषयी शंका फारशी उरत नाही.

परिणाम दाखवणे

संवर्धनातील पेशींपासून पुटिका घ्यायच्या असतील, तर वासराच्या सीरममध्ये गाईच्या पुटिका असतात हे विसरू नये. ते सीरम आधी १,००,००० जीला रात्रभर, सुमारे १८ तास फिरवून त्यातील पुटिका काढाव्यात, आणि पेशी न घातलेला तोच द्रव पूर्ण प्रक्रियेतून नेऊन तुलनेसाठी ठेवावा. किती पेशी मेलेल्या होत्या, हेही नोंदवावे.

पुटिका दुसऱ्या पेशीत शिरतात हे दाखवण्यासाठी पीकेएच जातीचे मेदात मिसळणारे रंग वापरतात. हे रंग स्वतःच पुटिकांच्या आकाराचे गोळे बनवतात आणि ते गोळेही पेशींत शिरून चमकतात. पुटिका न घालता केवळ रंग घेऊन तीच प्रक्रिया केलेली नळी नसेल, तर त्या सुंदर छायाचित्राला अर्थ नाही.

परिणाम पुटिकेचा आहे की सोबत आलेल्या मोकळ्या प्रथिनाचा, हे तपासण्यासाठी तयारीतून पुटिका काढून उरलेला द्रव तेवढ्याच प्रमाणात पेशींना द्यावा. पुटिकेच्या आतील आरएनए काम करतो असे म्हणायचे असेल, तर आरएनए तोडणारे विकर आधी एकटे आणि मग पटल विरघळवून लावावे. पहिल्या वेळी आरएनए टिकला आणि दुसऱ्या वेळी नष्ट झाला तरच तो आत होता. जीडब्ल्यू४८६९ या औषधाने किंवा रॅब२७ए हे प्रथिन दाबून पुटिका कमी करता येतात, पण त्यामुळे पेशीचे इतर स्रावही बदलतात, म्हणून एका उपायावर विसंबू नये. मात्रा किती दिली, आणि ती शरीरात खरोखर संभवते का, हे लिहावे. थोड्याशा पेशींच्या संवर्धनावर लिटरभर द्रवातील पुटिका ओतल्या तर काहीतरी घडणारच.

जंतुजन्य आजारांत या टप्प्याला आणखी एक पदर असतो. फॅल्सिपॅरम हिवतापात जंतूने ग्रासलेल्या लाल पेशी पुटिका सोडतात आणि त्यांच्या मार्फत जंतू एकमेकांना संदेश देतात, असे २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे हा आजार आजही लोकांना गाठतो, तेथे असा अभ्यास करण्यास सबळ कारण आहे. मात्र तेथे पुटिका माणसाच्या पेशीची असली तरी तिच्यात जंतूची प्रथिने असतात, आणि नमुना हाताळताना जिवंत जंतू मागे राहिलेला नाही याची खात्री गाळून आणि संवर्धन करून घ्यावी लागते.

दोन गटांची तुलना

नमुने मोजणाऱ्या व्यक्तीला कोणता नमुना कोणाचा हे ठाऊक नसावे. वय, लिंग, उपवास, चालू औषधे आणि नमुना ठेवल्याचा काळ हे दोन्ही गटांत जुळवावेत. २०१५ मध्ये ह्यूस्टन येथील एका गटाने ग्लायपिकन-१ हे प्रथिन असलेल्या पुटिकांवरून स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सर्व रुग्ण निरोगी व्यक्तींपासून अचूक वेगळे करता येतात असे मांडले. पुढे इतर प्रयोगशाळांना तितका स्वच्छ फरक मिळाला नाही. एवढा उत्तम निकाल हाती आला तर आनंदाआधी दुसऱ्या रुग्णालयातील, दुसऱ्या हाताने घेतलेल्या नमुन्यांवर तो पडताळावा. तुलनेसाठी केवळ निरोगी माणसे घेऊ नयेत. स्वादुपिंडाची दीर्घकालीन सूज असलेले रुग्णही घ्यावेत, कारण डॉक्टरांना प्रत्यक्षात भेद करायचा असतो तो कर्करोग आणि ही सूज यांत.

लघवीवर काम करणाऱ्यांनी युरोमोड्युलिन या प्रथिनाच्या तंतूंकडे लक्ष द्यावे. ते पुटिकांना जाळ्यात धरून खाली ओढतात आणि डायथायोथ्रिटॉल हे रसायन घालून ते जाळे सोडवावे लागते. बाकी शिस्त रक्तासारखीच आहे.

रुग्ण विचारतात तेव्हा

या विषयावर काम करणाऱ्याला लवकरच नातेवाइकांचे फोन येऊ लागतात: केसांसाठी, गुडघ्यासाठी, मुलाच्या स्वमग्नतेसाठी एक्झोसोमचे इंजेक्शन घ्यावे का? त्यांना स्पष्ट उत्तर द्यावे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, नेब्रास्का राज्यात अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर, मान्यता मिळालेले एकही एक्झोसोम उत्पादन नाही असा जाहीर इशारा दिला. कोणी उपचार सुचवत असेल तर पुटिका कोणत्या पेशींच्या, निर्जंतुकता कशी तपासली आणि ही नोंदणीकृत चिकित्सालयीन चाचणी आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारण्यास सांगावे. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे मागितले जात असतील तर तेथून उठून यावे.

नोंद

निबंधात सुईचा गेज, नळीचा प्रकार, उपवासाचे तास, रक्त घेतल्यापासून फिरवेपर्यंतची मिनिटे, प्रत्येक फेरीचे बल, रोटरचे नाव, वितळवण्याची संख्या आणि वगळलेल्या नमुन्यांची संख्या द्यावी. पद्धतीचा तपशील ईव्ही-ट्रॅक या खुल्या नोंदवहीत भरावा. प्रत्येक दात्याचा निदान एक भाग न उघडता उणे ८० अंशांवर राखून ठेवावा, त्यावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावावी, आणि निकालावर शंका घेणाऱ्या पहिल्या व्यक्तीला तो पडताळणीसाठी द्यावा.